कॉपीवाली बॅच

आमच्या गावाचं नाव या प्रकरणात मी मुद्दाम लिहीत नाही. जानेफळहून पुढे बैलगाडीनं तासाभराची वाट, एवढं पुरे. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे. ज्यांना नाही त्यांनी आता नव्यानं त्या गावाला त्याच एका गोष्टीवरून ओळखावं, असं मला वाटत नाही.

आमचं घर धाब्याचं, मातीच्या सपाट छताचं, शाळेच्या कुंपणाला लागून. शाळेची घंटा म्हणजे लिंबाच्या फांदीला टांगलेला रुळाचा तुकडा. तो वाजला की आमच्या घरातली भांडी थरथरत. पण घर त्याच्या आधीच जागं झालेलं असे, दादांच्या आवाजानं. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते हायस्कुलात गणित शिकवत आणि दिवसभरात जे शिकवायचं ते सकाळी ओसरीत येरझारा घालत मोठ्यानं म्हणून पाहत. आत माय ज्वारीच्या भाकरी थापत असे. थपथप भाकरीची आणि मध्ये मध्ये दादांचं "समजा, अबक हा त्रिकोण आहे" असं दोन्ही मिळून आमच्या घराची सकाळ होई. प्रमेय सुटलं की ते चुलीपाशी येऊन बसत आणि पहिली भाकर मोडत. ठेचा, तेल, कधी रात्रीचं तुरीचं वरण. जेवताना त्यांचं एक ठरलेलं बोलणं असायचं. काल वर्गात कुणाला सतराचा पाढा आला नाही, कुणी उशिरा आला, कुणी केसांची झुलपं ठेवली, आणि शेवटी सगळ्यांवर मिळून एकच वाक्य, "आजकालच्या पोट्ट्यायले काही पडलीच नाई." माय तव्यावरची भाकर उलटत म्हणायची, "मामंजी बी तुमाले हेच म्हणत. मी या घरात आली तेव्हापासून आयकून राह्यली." दादा हसायचे. चांगला होता माणूस. हे मी इथंच लिहून ठेवते, कारण पुढे वाचताना कुणाला तसं वाटणार नाही.

दहावीला आम्ही एक्केचाळीस जण होतो. आज त्या एक्केचाळिसांची तोंडं डोळ्यांपुढे आणायला बसले तर एकासारखं दुसरं सापडत नाही. वस्तीवरचा गजानन होता, एका कानानं अधू, सदा मागच्या बाकावर. सुतारांची कमल होती, तिला सगळ्या कविता पाठ आणि गणितात भोपळा. आणि माझ्या शेजारी नसरीन. तिचे अब्बा मणियार, बांगड्यांचा हारा घेऊन गावोगावच्या बाजारात जायचे. घरात उर्दू-हिंदी, शाळेत मराठी, आणि माझ्याशी बोलताना तिन्हींची खिचडी. तिची फुफी, अब्बांची बहीण, बुलडाण्याला दवाखान्यात आया होती. तिनं नसरीनच्या डोक्यात भरवून दिलं होतं की दहावीला चांगले मार्क पडले तर नर्सिंगला नंबर लागतो. एकदा का ते डोक्यात बसलं, मग नसरीनला दुसरं काही दिसेना.

उन्हाळ्याच्या तोंडावर माय धाब्यावर बिबड्या वाळत घाली. ज्वारीच्या पिठाच्या त्या पातळ चकत्या जुन्या धोतरावर ओळीनं मांडायच्या आणि कावळ्यांपासून राखायच्या. राखणीला नसरीन आणि मी. चिंचेच्या फांदीची सावली धाब्याच्या कोपऱ्यावर पडायची, तिथं आम्ही पुस्तकं घेऊन बसायचो. एक जण वाचायची, दुसरी काठी आपटायची. अर्धओल्या बिबड्या खाऊन खाऊन आमच्या जिभा चरचरायच्या. नसरीन इंग्रजीचा एकेक शब्द पन्नास पन्नास वेळा लिहायची. मी कंटाळून म्हणायची, "बस कर ना बाई." ती म्हणायची, "तुह्या घरी सर हायेत. माह्या घरी कोण हाये?"

पण सर होते ते गणिताचे. इंग्रजीची जागा दोन वर्षांपासून रिकामी होती. आज येतील, उद्या येतील करता करता दहावीचं वर्ष निम्मं सरलं आणि मग हेडमास्तरांनी तो तासही दादांच्या गळ्यात बांधला. दादांनी जानेफळच्या बाजारातून एक जुना शब्दकोश आणला. सकाळच्या येरझाऱ्यांत आता त्रिकोण नव्हते, इंग्रजी वाक्यं होती. ती म्हणताना त्यांचा आवाज बारीक व्हायचा. प्रमेयाला कधी अडखळले नाहीत असा माणूस एकेका शब्दाला थांबायचा, पान उलटायचा, पुन्हा सुरू करायचा. माय भाकरी थापता थापता थांबून ओसरीकडे बघायची.

परीक्षेच्या आठवडाभर आधी संस्थेचे अध्यक्ष घरी आले. ओसरीत चहा झाला. मी आतून पाणी नेऊन दिलं तेव्हा ते म्हणत होते, "सर, इंग्रजीचा निकाल शून्य लागला तं शाळेची मान्यता जाईन. मंग ह्या पोट्ट्यायचं काय अन् तुमचं काय?"

"दोन सालापासून मास्तर नाई त्यायले," दादा म्हणाले. "त्यायनं लिहावं तं काय लिहावं?"

"तेच तं म्हणून राह्यलो ना. त्या दिवशी तुम्हीच राहा त्या खोलीत."

अध्यक्ष गेल्यावर दादा बराच वेळ चपला न घालता अंगणात उभे होते.

केंद्र आमच्याच शाळेत होतं. इंग्रजीच्या पेपरला आमच्या खोलीवर दादा होते. पहिला अर्धा तास त्यांनी काही केलं नाही. बाकांमधून फिरले. मला आठवतं ते फिरणं, कारण ते प्रत्येकाच्या बाकापाशी थांबत होते आणि प्रत्येक ठिकाणी त्यांना कोरा कागद दिसत होता. कमल प्रश्नच उत्तर म्हणून उतरवून काढत होती. एक जण तर रडत होता, आवाज न करता. दादा खिडकीपाशी गेले, बाहेर पाहिलं, आमच्याकडे पाठ केली आणि सकाळच्या आवाजात सांगायला लागले. आधी उताऱ्याची उत्तरं. मग पत्र. मग 'माझं गाव' हा निबंध, एकेक वाक्य दोनदा.

माझा निबंध तीन ओळी लिहून झाला होता. मला येत होता. तरी मी त्या तीन ओळींवर काट मारली आणि दादा सांगत होते ते लिहायला लागले. का, ते आजही नीट सांगता येत नाही. दादा सांगतायत आणि मी लिहीत नाही, असं आयुष्यात कधी झालं नव्हतं, एवढंच. नसरीननं एकदा मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग तिनं डाव्या हातानं कान झाकला आणि उजव्या हातानं तिचं तिचं लिहीत राहिली.

पुढचे दोन-अडीच महिने चांगले गेले. कुरडया झाल्या, शेवया झाल्या, आंबे उतरले. निकालाच्या दिवशी गावात एकच पेपर यायचा, तो चावडीवर उघडला. आकड्यांच्या रांगांत सगळ्यांनी बोटं फिरवली. आमचे नंबरच नव्हते. नापास झालेल्याचा नंबर नसतो हे ठीक, पण एक्केचाळीसपैकी एकाचाही नाही. चार दिवसांनी हेडमास्तर मेहकरहून बातमी घेऊन आले. आमच्या केंद्राचा निकाल राखून ठेवला होता.

पकडलं होतं एका शब्दानं. निबंधात दादांना म्हणायचं होतं की माझ्या गावचे लोक फार कष्टाळू आहेत. शब्दकोशात कष्टाच्या पुढे त्यांना जे सापडलं त्यावरून त्यांनी सांगितलं, 'द पीपल ऑफ माय व्हिलेज आर व्हेरी पेनफुल'. माझ्या गावचे लोक फार वेदनादायक आहेत. दूर कुठल्याशा शहरात पेपर तपासणाऱ्या बाईंना हे वाक्य पहिल्यांदा हसू आणणारं वाटलं असेल. अडतिसाव्यांदा आल्यावर त्यांनी गठ्ठा बाजूला काढला. उरले तीन पेपर. एक नसरीनचा. एक गजाननचा, त्याला मागच्या बाकावर काही ऐकूच आलं नव्हतं. आणि तिसरा ज्याचा होता तो तासाभरात कोरा कागद देऊन म्हशीकडे निघून गेला होता.

हे सगळं आत्ता लिहायला बसण्याचं एक कारण आहे. माझ्या धाकट्या भावाची मुलगी पूर्वा, त्या रोगाच्या वर्षी परीक्षा न होताच दहावी पास झाली. पोरगी हुशार, पुढचे सगळे पेपर धडाधड देऊन पदवीधर झाली. परवा नोकरीच्या मुलाखतीला संभाजीनगरला गेली, तर समोरच्यानं कागद पाहून शेजारच्याला म्हटलं, "अच्छा, कोरोना बॅच!" आणि दोघं हसले. ती घरी येऊन मला म्हणाली, "आत्या, त्यांनी पुढं काही विचारलंच नाही." तिच्या मोबाईलवर आता पिढ्यांना अक्षरं दिलेली असतात, या अक्षराची पोरं आळशी, त्या अक्षराची उतावळी. लोक मजेत वाचतात. मलाही कुणी पाठवतं. मी मात्र ते वाचताना थांबते, कारण असा शिक्का कसा तयार होतो ते मी जवळून पाहिलंय. मी एक तयार केलाय.

निकाल राखल्याची बातमी आली तेव्हापासून दादा जेवेनात. सकाळचा आवाज बंद झाला. घरात नुसती भाकरीची थपथप, आणि तीही मायनं पुढे पुढे हळू केली. चौकशी होणार, साहेब येणार, नोकरी जाणार, कदाचित फौजदारी होणार, असं जो तो ओसरीत येऊन सांगून जायचा. अध्यक्ष मात्र एकदाही आले नाहीत. त्यांनी पोरांच्या आईबापांना परस्पर निरोप धाडला होता की सरांचं नाव कुणी घ्यायचं नाही, घेतलं तर शाळा बंद पडेल. दादा ओसरीच्या खांबाला टेकून बसायचे. विनोद, माझा धाकटा भाऊ, त्यांच्यासमोर भोवरा फिरवायचा, पण ते बघायचे नाहीत. एकदा नुसतं म्हणाले, "पेनफुल." आणि कपाळावर हात मारला. मला वाटतं, त्यांना केलेल्या गोष्टीपेक्षा तो चुकलेला शब्द जास्त लागला होता.

चौकशीच्या तीन-चार दिवस आधी मायच्या ध्यानात आलं की दादा भर दुपारी शाळेमागच्या विहिरीकडे जातात. ती विहीर पडकी, पाणी ओढायला तिथं कुणी जात नसे. त्या दुपारी मायनं माझा दंड धरला. तिची बोटं पिठाची होती. "जाय त्याहीच्या मागं," ती म्हणाली. "जेवाले बोलावलं म्हण. पळ वं, पळ."

मी पळाले. ऊन असं की डोळ्यांपुढे काळं-पिवळं येत होतं. दादा विहिरीच्या काठावर बसले होते, पाय आत सोडून. चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या. देवळाबाहेर ठेवतात तशा, जोडीनं, टाचा सरळ रेषेत. चष्मा काढून एका चपलेत ठेवला होता. मी तो चष्मा पाहिला. त्या दिवसाआधी मी मूल होते, असं आता म्हणता येईल.

"दादा," मी म्हटलं.

"काऊन आलीस वं?"

"मायनं बोलावलं. भाकर थंडी होऊन राह्यली."

ते हलले नाहीत. मी जवळ गेले नाही, दूरही गेले नाही. तशीच बोलत राहिले. काय बोलले देव जाणे. विनोदनं भोवरा हरवला, गाय आटली, कमलचं लग्न ठरतंय. बऱ्याच वेळानं त्यांनी पाय बाहेर घेतले. चष्मा घातला. चालताना माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो हात असा जड की मला वाटलं मी रस्त्यात बसेन. घरी आल्यावर मायनं वाढलं. त्यांनी चतकोर भाकर खाल्ली. मोरीत भांडी घासताना माय मला म्हणाली, "सुमे, तुह्या हातात हाये आता."

साहेब दोन आले. एक विचारणारे, एक लिहून घेणारे. हेडमास्तरांच्या खोलीत एकेकाला बोलावत होते. आम्ही बाहेर लिंबाखाली. आत जाऊन आलेली पोरं खाली मान घालून सांगत होती, "आपल्याले काही माहीत नाई म्हटलं." नसरीनचा नंबर माझ्या आधी होता. ती बराच वेळ आत होती. बाहेर आली तेव्हा तिचं तोंड लाल झालं होतं.

"मी जे झालं ते सांगतलं," ती म्हणाली. "अब्बा म्हणे, जे झालं तेच सांग. तू बी सांग, सुमन. सरायले जबरदस्ती केली अध्यक्षानं, हे बी मी सांगतलं. मंग सरायचं काही नाई होनार."

ती खरंच तसं समजत होती. सोळा वर्षांचा विश्वास होता तो.

मी आत गेले. विचारणारे साहेब वाईट नव्हते. थकलेले होते. मला बसायला सांगितलं.

"तू सरांची मुलगी ना? घाबरू नकोस. उत्तरं कुठून आली?"

"चिठ्ठी फिरली," मी म्हटलं.

"कुणी लिहिली होती?"

"माहीत नाही."

"सर काही सांगत होते?"

"नाही. सर खिडकीपाशी होते. त्यांची पाठ होती."

लिहिणाऱ्यांचं पेन चालत होतं. साहेबांनी दोन पेपर पुढे ओढले. "हे बघ. या नसरीनचा आणि या गजाननचा निबंध वेगळा आहे. या दोघांचा निकाल लावता येईल का, ते आम्ही बघतोय. पण ही नसरीन म्हणते की सर सांगत होते. तिचा निकाल लावायचा तर तिचं म्हणणं खरं धरावं लागेल. म्हणून तुला विचारतो. कुणी कुणी बघून लिहिलं?"

मला चपला दिसत होत्या. टाचा सरळ रेषेत.

"सगळ्यांनीच," मी म्हटलं.

"सगळ्यांनी? नसरीननं पण?"

"हो."

"तिच्या पेपरात तर तो चुकीचा शब्द नाही."

"तिनं शब्द बदलून लिहिलं असेल," मी म्हटलं. "ती हुशार आहे."

साहेबांनी पेपर बंद केले. त्यांच्या चेहऱ्यावर, मी खोटं नाही सांगत, सुटका होती. एक्केचाळीस जणांचा वेगवेगळा विचार करण्यापासून त्यांची सुटका झाली होती. ते लिहून घेणाऱ्यांना सांगायला लागले, "लिहा. विद्यार्थ्यांनी संगनमतानं केलेला सामूहिक गैरप्रकार. पर्यवेक्षकांचा सहभाग आढळत नाही." आणि मग माझ्याकडे न बघता, स्वतःशीच म्हणाले, "ही पिढीच अशी."

बाहेर नसरीन वाट बघत होती. "सांगतलं?" तिनं विचारलं.

"हाव," मी म्हटलं. तिनं माझा हात दाबला.

सगळ्यांचा निकाल रद्द झाला. ऑक्टोबरात पुन्हा बसा, मेहकरच्या केंद्रावर. दादांना समज देऊन सोडून दिलं. एक्केचाळीसपैकी सतरा जण बसले, मी त्यांतली एक, आणि मी पास झाले. गजानन बसला नाही. आपण कशात सापडलो हेच त्याला कुणी नीट सांगितलं नव्हतं. नसरीनचं नर्सिंग तर पावसाळ्यातच गेलं होतं. ऑक्टोबरचा फॉर्म भरायला ती आली नाही. तिचे अब्बा बाजारात माझ्या मायला भेटले तेव्हा म्हणाले, "भाभी, जठी खरं बोललेल्याले चोर म्हणते, तठी लेकरू काऊन पाठवू?" माय घरी येऊन चुलीपुढे बसली आणि बराच वेळ तिनं चूल पेटवलीच नाही. त्यानंतर नसरीन माझ्याशी बोलली नाही. पुढच्या वर्षी तिचं रोहिणखेडला लग्न झालं. बांगड्या भरायला आम्हाला बोलावणं नव्हतं.

आणि आम्ही झालो कॉपीवाली बॅच. मागून येणाऱ्या वर्गांना शिक्षक सांगायचे, तुमी त्या बॅचवानी होऊ नका. पोरगी बघायला आलेले विचारायचे, कोणत्या सालची दहावी? कमलला सगळ्या कविता पाठ होत्या हे कुणी विचारलं नाही. एक जण पुढे एसटीत कंडक्टर झाला आणि निवृत्त होईपर्यंत हिशेबाची एक चूक केली नाही. त्याला डेपोत 'कॉपी' म्हणूनच हाक मारत. मला पाटबंधाऱ्याच्या कचेरीत टंकलेखिकेची नोकरी लागली. तिथं आमच्याच भागातले एक मोठे बाबू होते. पहिल्याच दिवशी माझे कागद बघून म्हणाले, "अच्छा, तुमी त्या बॅचच्या! मंग टायपिंग तरी सोताचं हाये ना?" सगळे हसले. मीही हसले. हसण्याशिवाय मला दुसरा अधिकार नव्हता.

दादांचा सकाळचा आवाज हळूहळू परत आला. इंग्रजीला मास्तर मिळाले. आमच्यात त्या दिवसाबद्दल कधी बोलणं झालं नाही. मी साहेबांना काय सांगितलं ते त्यांनी विचारलं नाही. ते निवृत्त व्हायच्या सुमाराची गोष्ट. मी माहेरी आले होते. ओसरीत दोन नवे शिक्षक बसले होते. मी चहा घेऊन गेले. कुणीतरी जुना विषय काढला आणि दादा, माझे दादा, कपबशी हातात घेत म्हणाले, "काय सांगू सर, ती बॅचच तशी होती. कितीही शिकवा. त्या पोट्ट्यायले मेहनत नको होती."

मी तिथं ट्रे धरून उभी होते. त्यांनी वर पाहिलं. मला वाटलं आता काहीतरी होईल, चेहरा पडेल, डोळे वळतील. काही झालं नाही. त्यांना ते खरं वाटत होतं. इतकी वर्षं तेच म्हणून म्हणून ते खरं झालं होतं, आणि त्या खऱ्यावर ते जगले होते. मी त्यांना जिवंत ठेवायला एक वाक्य दिलं होतं आणि ते त्यांनी प्रामाणिकपणे वापरलं. त्या रागाचं मी काय केलं म्हणाल तर काही नाही. आत जाऊन कप विसळले. सात वर्षांपूर्वी ते गेले, झोपेत, चांगलं मरण आलं.

पूर्वा मुलाखतीहून आली त्या आठवड्यात मी नसरीनचा पत्ता काढला. मी आता राहते त्या चिखलीहून बुलडाणा, तिथून मोताळ्याची गाडी, पुढे रिक्षा. रोहिणखेडला जुन्या मशिदीच्या अलीकडच्या गल्लीत तिचं घर. पुढच्या खोलीत शिलाई मशीन. केस मेंदीनं तांबडे झालेले, चष्मा जाड. मला तिनं लगेच ओळखलं. बस म्हणाली, पाणी दिलं, आणि मांडीवर सूप घेऊन त्यातला लसूण सोलत बसली.

"काऊन आली वं इतक्या सालानं?"

मी सांगितलं. सगळं. विहीर, चपला, चष्मा, साहेबांनी काय विचारलं, मी काय म्हटलं. 'ती हुशार आहे' हेही. ती पाकळ्या सोलत होती. हात थांबले नाहीत.

"मले मालूम होतं," ती म्हणाली. "त्या साहेबानं अब्बाले सांगतलं होतं, सरायच्या पोरीनंच तसा जबाब देला म्हणे. अब्बानं मले नाई सांगतलं. अम्मीनं सांगतलं, लग्नाच्या टायमाले. विहिरीचं मातर मालूम नव्हतं."

मला वाटलं, हे शेवटचं वाक्य ती माझ्यासाठी बोलली. मी ते पकडलं. बुडणारा माणूस पकडतो तसं.

"मी सोळा वर्षांची होती वं, नसरीन," मी म्हटलं. "त्या वयातली कोणतीबी पोरगी तेच म्हणली असती."

तिच्या हातातली पाकळी थांबली. तिनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. तिनं फक्त दुरुस्ती केली.

"सोळाची तं मी बी होती," ती म्हणाली.

तेवढ्यात मशिदीतून दुपारची अजान झाली. ती उठली, सूप खाली ठेवलं, पदर सारखा केला आणि आत गेली. मी त्या खोलीत एकटी बसून राहिले. दोनदा वाटलं उठावं, रिक्षा मिळेल, संध्याकाळपर्यंत चिखली गाठता येईल. उठले नाही. आतून पाण्याचा आवाज आला, मग काहीच नाही. मी सूप ओढून घेतलं आणि उरलेला लसूण सोलायला लागले. नमाज पढून ती बाहेर आली आणि दारातच थांबली.

"अजून हायेस?" तिनं विचारलं.

"हाव," मी म्हटलं.